गाडी कुणाच्या हाती द्यावी

१ सप्टेंबर, सकाळ

मोटरसायकलची वॉरंटी या महिनाअखेर संपते. कंपनीचा मेसेज आला. सुरुवात 'प्रिय ग्राहक'. मी स्वतः गाद्यांचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक प्रिय कधी होतं आणि कधीपर्यंत राहतं, हे मला कोणी शिकवू नये.

विषय गंभीर आहे. गाडी घेतली तेव्हा हिने घर डोक्यावर घेतलं होतं. या वयात मोटरसायकल, गुडघे बघा, पोट बघा, वगैरे. शेवटी तह झाला. वॉरंटी आहे तोवर गाडी माझी. वॉरंटी संपल्यावर गाडीने घरच्या माणसाला एकदा जरी त्रास दिला, की गाडी मुलीची. मी लगेच हो म्हटलं, कारण तेव्हा दोन वर्षं म्हणजे पुष्कळ वाटली होती.

मुलगी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दोन बस बदलून जाते. लायसन्स आहे. गाडीची किल्ली तिने आजवर एकदाही मागितलेली नाही. हे न मागणं मला अजिबात आवडत नाही.

ठराव: यापुढे सर्व्हिसिंग कुठे करायची ते आठवड्याभरात पक्कं करणे. गाडी इतकी ठणठणीत ठेवणे, की मायलेकींना तोंड उघडायला जागा राहणार नाही.

२ सप्टेंबर

आवाज. तिसऱ्या गिअरमध्ये, उजव्या बाजूने, बारीक 'कुईं'.

हिला मागे बसवून चक्कर मारली. तिला काही ऐकू आलं नाही. माझ्या बोलण्यापुढे तिला ट्रकसुद्धा ऐकू येत नव्हते, असं तिचं म्हणणं. मुलीने खाली वाकून बघितलं, चेन कोरडी पडलीय म्हणाली. तिला हाडं दिसतात, ठीक आहे. इंजिन हा वेगळा विषय आहे.

माझ्या कानांबद्दल लिहून ठेवतो. गिऱ्हाईक गादीवर बसलं की स्प्रिंगच्या आवाजावरून मी त्याचं वजन, बायकोशी संबंध आणि बजेट, तिन्ही ओळखतो. बजेट कधीच चुकत नाही.

५ सप्टेंबर

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. नुसता देखावा. फरशी इतकी पांढरी की गॅरेजमध्ये आलोय की दाताच्या डॉक्टरकडे, कळेना. वेटिंग रूममध्ये सोफा. बसल्या बसल्या कळलं, फोम हलका, वर्षभरात खाली बसणार. ज्यांना सोफा घेता येत नाही ते इंजिन काय उघडणार? कोपऱ्यात कॉफीचं मशीन. कॉफी फुकट. मीही दुकानात फुकट थंड पाणी ठेवतो, आणि का ठेवतो ते मला माहीत आहे.

टाय लावलेला एक जण टॅब घेऊन आला. वयाने मुलीएवढा. माझं नाव विचारलं नाही, गाडीचा नंबर विचारला. एक चक्कर मारून आला. म्हणाला, आवाज चेनचा आहे, साफ करून ऑइल दिलं की जाईल. मात्र इंजिनच्या कव्हरपाशी तेल पाझरतंय, आतलं गॅस्केट गेलंय. वॉरंटीत आहे, फुकट बदलून देतो. फक्त गाडी दोन दिवस ठेवावी लागेल.

फुकट. आणि दोन दिवस. वा!

'तपासणीसाठी गादी दोन दिवस ठेवून जा' हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. दोन दिवसांत गिऱ्हाईक थंड होतं. गादीला कोणी हातही लावत नाही. माझीच विद्या मला शिकवतो! मी टायवाल्याकडे असं रोखून बघितलं की समोर कोण उभं आहे ते त्याला कळलं असावं. त्याने विचारलं, कॉफी घेणार का सर?

गाडी घेऊन बाहेर पडलो. गेटपाशीच आवाज आला. उजव्या बाजूने.

८ सप्टेंबर

ऐन धंद्याच्या वेळी डोकेदुखी. एक शिक्षिका, आता रिटायर झालेल्या. आपल्याकडून घेतलेली गादी टेम्पोत घालून घेऊन आल्या. गादी अजून वॉरंटीत, आणि मधोमध खड्डा. खड्डा चांगलाच होता. मांजर बसलं तर बाजूने दिसणार नाही.

मी खड्डा बघत नाही. मी खोळीच्या चेनचं टोक बघतो. तिथे प्रत्येक गादीला मी आतून एक लाल टाका घालून ठेवतो. माझी स्वतःची युक्ती, कुठल्या कंपनीने शिकवलेली नाही. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, दिसला तर वाटतं धागा राहिलाय. खोळ उघडली की टाका तुटतो, आणि टाका तुटला की वॉरंटी तुटते. बाईंचा टाका तुटलेला. खोळ धुवायला काढली होती म्हणाल्या. माणसाला स्वच्छतेची हौस असली की असं होतं.

मी हात जोडले. नियम म्हणजे नियम. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "टाका तुटल्याने खड्डा पडतो का हो?"

जन्मभर पोरांना प्रश्न विचारले की सवय जात नाही. मी थंड पाणी दिलं. गादी परत टेम्पोत गेली.

९ सप्टेंबर

साडूंचा फोन. आमच्या घरातली बातमी बहिणी-बहिणींत तासाभरात पोचते. साडूंचं मत, वॉरंटी आहे तोवर डोळे मिटून कंपनीत जावं. साडू आयुष्यभर डोळे मिटूनच चालले, आणि त्याला ते शिस्त म्हणतात. मिक्सरचं वॉरंटी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणारा हा माणूस. मिक्सर काही बिघडला नाही. याचं त्यांना आजही मनापासून वाईट वाटतं.

तेलाचं काय केलंत, असं दोनदा विचारलं. म्हणजे तेलही पोचलंय.

११ सप्टेंबर

गाडीखाली तेलाचा डाग. हिने मला हाताला धरून नेऊन दाखवला. मी म्हटलं, शेजाऱ्याच्या कारचा असणार. मुलगी म्हणाली, बाबा, त्यांची कार बॅटरीवर चालते. मी म्हटलं, बॅटरीच्या कारला काय कुठेच तेल लागत नसेल?

हिने डागावर पुठ्ठा सरकवला. आमच्याच गाद्यांच्या पॅकिंगचा. त्यावर मोठ्या अक्षरात दुकानाचं ब्रीदवाक्य: निश्चिंत झोपा.

१२ सप्टेंबर

सर्व्हिसिंग स्वतःच करावी असं ठरलं. फोनवर व्हिडिओ बघितला. व्हिडिओतला माणूस हसत हसत करतो. चेनला मारायचा स्प्रे आणला. वारा उलटा निघाला. स्प्रे चेनवर थोडा आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर जास्त बसला. हिने आरडाओरडा केला. मी शांतपणे दाखवून दिलं की वॉरंटी चालू आहे, त्यामुळे हा त्रास तहात धरला जात नाही. करार करताना मी डोळे उघडे ठेवतो.

नवा ठराव: आपल्या हाताखाली माणसं ठेवून काम करून घेणे, हेच आपलं काम.

१४ सप्टेंबर

माणूस सापडला!

बाजारामागच्या गल्लीत, पत्र्याखाली गॅरेज. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. पांढरी फरशी नाही, कॉफी नाही, टाय नाही. गिऱ्हाइकाला बसायला जुन्या कारची सीट. बसलो. स्प्रिंग अजून जिवंत. तिथेच निम्मा विश्वास बसला.

उस्तादने मला बोलू दिलं. कंपनीत कोणी बोलू दिलं नव्हतं. मी आवाजाचं वर्णन केलं, दोन-तीनदा काढूनही दाखवला. त्याने डोळे मिटून ऐकला. मग म्हणाला, "शेठ, असा कान हजारात एकाला असतो."

गाडी आतून बोलतेय म्हणे, पण हल्ली ऐकणारे राहिले नाहीत. यापुढे आणखी काय विचारायचं? तेलाचं विचारलं. तेल किरकोळ. कव्हर खोलायचं, एक पेस्ट लावायची, विषय संपला.

जुन्या माणसांना माणसाची पारख असते. मीही गिऱ्हाइकाला सांगतो, तुमची चाल बघूनच ओळखलं, तुमच्या पाठीला हीच गादी लागणार. पण ते धंद्यासाठी. उस्ताद मनापासून बोलत होता.

घरी सांगितलं. मुलीने एवढंच विचारलं, बाहेर इंजिन उघडलं तर वॉरंटी राहते का? मी म्हटलं, उघडायचं नाहीये, फक्त आत बघायचंय.

१६ सप्टेंबर

काम फत्ते. मी स्वतः डोक्यावर उभा राहून करून घेतलं.

एक गोष्ट नोंदवतो. इंजिनच्या कव्हरच्या बोल्टांवर पिवळ्या रंगाचे ठिपके होते. एकूण एक बोल्टवर. एवढी मोठी कंपनी, आणि रंगाचे थेंब सांडलेत ते पुसायची अक्कल कोणाला नाही. दोन वर्षं ही घाण घेऊन मी गावभर फिरलो. उस्ताद तसाच पाना लावायला निघाला होता. मी थांबवलं. म्हटलं, आधी हे पेट्रोलने पुसून काढ, मला अस्वच्छता खपत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, नक्की ना शेठ? मी म्हटलं, चकाचक. त्याच्या चेहऱ्यावर आदर स्पष्ट दिसत होता.

चकाचक झाल्यावर कव्हर खोललं, लाल पेस्ट भरली, बंद केलं. परत येताना चौकापर्यंत आवाज आला नाही. चौकानंतर माझं लक्ष नव्हतं.

१७ सप्टेंबर

पुठ्ठा कोरडा. हिला बोलावून दाखवला. साडूंना फोन करून कळवलं. कंपनीने दोन दिवस मागितले होते, उस्तादने चहा गार व्हायच्या आत केलं. साडू म्हणाले, बरं. साडूंचं 'बरं' ऐकून घ्यायला वेगळे कान लागतात. त्यात जळफळाट होता.

२१ सप्टेंबर

पुठ्ठ्यावर डाग. 'झोपा' वाचता येत नाही. 'निश्चिंत' अजून शाबूत आहे.

उस्ताद म्हणतो, पेस्ट बसायला वेळ लागतो. हे पटण्यासारखं आहे. नवी गादीसुद्धा बसायला वेळ घेते, असं मी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आवाज आता चौथ्या गिअरमध्येही. म्हणजे जागा बदलतोय. म्हणजे घाबरलाय.

दुपारी गादीवाल्या बाई पुन्हा हजर. त्यांच्या यजमानांची कंबर धरलीय, बिचारे जमिनीवर झोपतात. मी म्हटलं, कंबरेला जमिनीसारखं दुसरं काही नाही, डॉक्टरही हेच सांगतात. बाई गेल्या. ही नेमकी दुकानात होती. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. हिला धंद्यातलं कळत नाही.

२५ सप्टेंबर

उस्तादचा फोन बंद. गॅरेजला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, उस्ताद बहिणीकडे गेलाय, परत कधी येईल नेम नाही. कलावंत माणसं घड्याळाला बांधलेली नसतात. ते मला मान्य आहे. फोन तरी चालू ठेवावा.

आता वॉरंटीचे थोडे दिवस उरलेत तेवढ्यात कंपनीची जिरवतो. फुकट म्हणाले होते ना? घ्या म्हणावं गाडी, घाला गॅस्केट. उद्याच जातो.

२६ सप्टेंबर

गुडघा. उद्या.

२७ सप्टेंबर

दुकानात माल उतरला. माल महत्त्वाचा. उद्या नक्की.

२९ सप्टेंबर

कंपनीत. टायवाला खाली वाकला, टॉर्च मारला, उभा राहिला. दुसऱ्या टायवाल्याला बोलावलं. त्यानेही टॉर्च मारला. मग दोघे बाजूला जाऊन हळू आवाजात बोलले. मुलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर असं करतात तेव्हा नातेवाइकांना खुर्ची देतात. मला कॉफी दिली.

म्हणाला, सर, कव्हरच्या बोल्टवर आमचे पिवळे मार्क असतात. कोणी बाहेर उघडलं की मार्क तुटतो, त्यावरून आम्हाला कळतं. तुमचे मार्क तुटलेले नाहीत.

मला हायसं वाटलं.

तुमचे मार्क नाहीतच, तो म्हणाला. पूर्ण पुसून काढलेली केस आम्ही पहिल्यांदाच बघतोय. शिवाय कव्हरच्या कडेने लाल पेस्ट बाहेर आलेली दिसतेय, ती आमच्याकडे वापरत नाहीत. वॉरंटी लागू होणार नाही, सर.

मी ऐकून घेणारा माणूस नाही. काउंटरवर हात आपटला आणि विचारलं, "ठिपका पुसल्याने तेल गळतं का?"

वाक्य इतकं तयार बाहेर आलं की माझं मलाच कौतुक वाटलं. सगळी वेटिंग रूम वळून बघायला लागली. नियम म्हणजे नियम, एवढंच टायवाला म्हणाला. असली माणसं धंद्यात कशी टिकतात कोण जाणे.

पैसे भरून काम करून देतो म्हणाले. दोन दिवस ठेवा म्हणाले. मी गाडी घेऊन निघालो. प्रश्न तत्त्वाचा होता.

३० सप्टेंबर

वॉरंटी संपली. गाडी चालू आहे. म्हणजे वॉरंटीचा आणि गाडीचा काही संबंध नसतो, हे मी म्हणत होतो तेच खरं निघालं.

तेलाचा प्रश्न सोडवला. वरून भरत राहिलं की खालून किती गळतं ते बघायचं कारण नाही.

३ ऑक्टोबर

हिला डोळे तपासायला जायचं होतं. ती बसने जाते म्हणत होती. मी म्हटलं, घरात गाडी असताना?

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. कारण: चढ. मागून ट्रक हॉर्न वाजवायला लागला. मी हँडल धरलं, हिने मागून ढकललं. पायात नव्या चपला. पूल संपेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मी दोनदा सांगितलं की याला त्रास म्हणता येणार नाही, फार तर व्यायाम म्हणता येईल. तरी काही नाही. इतक्या वर्षांत ही एवढा वेळ गप्प राहिलेली मला आठवत नाही. त्यापेक्षा ट्रक बरा.

वर पोचल्यावर तिने तळहाताचं काळं तेल रुमालाला पुसलं. रुमाल माझाच होता. मग तो हात माझ्यापुढे केला.

"किल्ली द्या."

दिली. समोरून बस आली, ती बसली, गेली. मी गाडीपाशी उभा. किल्ली नसलेल्या गाडीपाशी माणूस उभा असला की लोक फार वाईट नजरेने बघतात.

५ ऑक्टोबर

तहात पळवाट शोधली. सापडली. तहात 'घरच्या माणसाला त्रास' असं आहे. मी मुद्दा मांडला, की ही काही नुसती घरचं माणूस नाही, घरची मालकीण आहे, तेव्हा हे कलम तिला लागत नाही. मुलीने ताटात बघून हसू दाबलं. ही म्हणाली, मालकीण म्हणूनच सांगतेय.

कायदा न शिकलेल्या माणसांशी वाद घालू नये.

आणखी एक धक्का. दुकानात एक गादी कमी भरली. हिला विचारलं. एकोणतीसला मी कंपनीत तत्त्वासाठी भांडत होतो, त्याच दुपारी इकडे हिने त्या बाईंना नवी गादी देऊन टाकली. घरपोच. जुनी, तुटक्या टाक्याची, परत घेतली. का, म्हणून विचारलं. म्हणाली, बाईंनी टाक्याबद्दल काही विचारलं, मला उत्तर येईना, मग काय करणार?

उत्तर येत नाही म्हणून माल द्यायचा! असा धंदा बुडतो.

९ ऑक्टोबर

मुलीने गाडी कंपनीत नेली. ढकलत नव्हे, त्यांची व्हॅन घरी आली. दोन दिवस ठेवा म्हणाले, तिने ठेवली. दोन दिवसांनी मिळाली. गॅस्केट नवं, चेन साफ. आवाज नाही. मी कान लावून ऐकलं, मग दुसरा लावून ऐकलं. नाही.

पैसे तिने भरले. मला विचारलंही नाही. तिथे कोणी टायवाला होता का, विचारलं. होता. चांगला वाटला म्हणाली, सगळं नीट समजावून सांगितलं. सांगणारच. मी त्या दिवशी काउंटरवर हात आपटला नसता तर यांनी कामात एवढं लक्ष घातलं असतं का? घरात हे कोणी बोलून दाखवत नाही. मीही अपेक्षा ठेवत नाही.

१२ ऑक्टोबर, दुकानातून

सकाळी मुलगी म्हणाली, बाबा, वाटेतच आहे, दुकानापाशी सोडते. मला घाई होती म्हणून बसलो. मागे.

शांतपणे विचार केला तर मागे बसणं हेच मालकाचं लक्षण आहे. साहेब कधी पुढे बसतो का? पुढे ड्रायव्हर. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, पाय लोंबकळतायत, पायरीवर ठेवा.

पुलाचा चढ आला. तिने गिअर बदलला, गाडी वर चढली. मी दोन्ही हातांनी मागचा दांडा धरला होता.

दुकानासमोर उतरलो. उतरताना तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. सीटची उंची ठरवताना कंपनीने मागच्या माणसाचा विचारच केलेला नाही. शेजारचा भांडीवाला शटर वर करत होता. गाडीकडे कौतुकाने बघून म्हणाला, मस्त ठेवलीय हो शेठ, कुणाची?

उत्तर तोंडात तयार होतं. तेवढ्यात मुलीने हेल्मेटची काच खाली घेतली आणि निघायच्या आधी आरशाला बोटाने किंचित धक्का दिला. मी आरशात बघितलं. दोन्ही आरसे तिच्या उंचीला लावलेले होते. त्यात मागचा रस्ता दिसत होता, बस दिसत होती, समोरचं औषधाचं दुकान दिसत होतं.

"मुलीची," मी म्हटलं.